डॉक्टरांचा केसपेपर

मधुमेहतज्ज्ञाला मधुमेह झाला तर त्याच्या दवाखान्यातली गर्दी ओसरत नाही. उलट ‘त्यांना स्वतःलाच आहे, पथ्य कसं सांभाळायचं ते त्यांना बरोबर ठाऊक’ असं म्हणत लोक एकमेकांना त्यांचा पत्ता देतात. हृदयरोगतज्ज्ञाची बायपास झाली की थोड्या विश्रांतीनंतर ते पुन्हा ओपीडीत बसतात आणि पेशंटच त्यांची विचारपूस करतात. मानसोपचारतज्ज्ञाने मात्र ‘मध्यंतरी मला तीव्र नैराश्य आलं होतं, अजून गोळ्या चालू आहेत’ एवढं एक वाक्य चारचौघांत बोलून पाहावं. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ऐकवायला एखादा नातेवाईक टपलेलाच असतो. पेशंट पाठवणारे फॅमिली डॉक्टर हळूहळू दुसऱ्या कुणाचं नाव सुचवू लागतात. सहकारी आपुलकीने चौकशी करतात, पण अवघड केस यापुढे कुणाकडे द्यायची हे परस्पर ठरून गेलेलं असतं.

तरीही काही जणांनी ते वाक्य उच्चारलं. कुणी पुस्तक लिहून, कुणी भर सभेत. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या, ते शिकवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या कोसळण्याबद्दल आणि सावरण्याबद्दल जे सांगितलं, त्याची मराठी वाचकाला ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे. यातली बहुतेक माणसं अमेरिका आणि ब्रिटनमधली आहेत, कारण हे लेखन मुख्यतः तिथे झालं. आपल्याकडच्या तज्ज्ञांची मनं काही पोलादाची नाहीत. आपल्याकडे लिहिलं गेलं नाही, एवढंच. ते का लिहिलं गेलं नाही याकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी हे मौन कुठून आलं आणि ते मोडणाऱ्यांच्या पदरात काय पडलं, हे पाहायला हवं.

या मौनाला शास्त्राचा आधार देणाऱ्यांत पहिलं नाव सिग्मंड फ्रॉइड यांचं. १९१२ साली त्यांनी मनोविश्लेषकांसाठी काही सूचना लिहिल्या. विश्लेषकाने रुग्णासमोर आरशासारखं असावं, रुग्णाचंच प्रतिबिंब त्याला दाखवावं, स्वतःचं काही दाखवू नये, असा त्यांचा आशय होता. त्यात तथ्य होतं. रुग्णाच्या मनात डॉक्टरबद्दल जे उमटतं, त्यातून त्याच्या आयुष्यातली जुनी नाती उलगडतात. डॉक्टरने आपलं घरचं सांगायला सुरुवात केली की हे चित्र गढूळ होतं. पण उपचाराच्या खोलीपुरती असलेली ही शिस्त पुढे खोलीबाहेर पसरली आणि अख्ख्या व्यवसायाची रीत होऊन बसली. रुग्णासमोर आपली दुखणी मांडू नयेत, इथून सुरुवात झाली आणि आपल्याला दुखणी नसतातच, इथपर्यंत मजल गेली.

फ्रॉइड यांच्यापासून फारकत घेतल्यावर कार्ल युंग यांचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. १९१३च्या सुमारास त्यांच्या मनात विलक्षण उलथापालथ सुरू झाली. भयंकर दृश्यं दिसू लागली, आवाज ऐकू येऊ लागले. हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं सुंदर अक्षरात आणि चित्रांसह एका मोठ्या लाल बाडात उतरवलं. जखमी झालेलाच दुसऱ्याला बरं करू शकतो, या ग्रीक पुराणातल्या कल्पनेला मानसशास्त्रात मान मिळवून देणारे युंगच. पण ते लाल बाड त्यांनी हयातीत छापलं नाही. १९६१ साली ते गेले. बाड पुढे स्विस बँकेच्या तिजोरीत पडून राहिलं आणि ‘द रेड बुक’ म्हणून थेट २००९ साली बाहेर आलं. अशा जखमेचं तत्त्वज्ञान तेव्हाही मांडता येत होतं. ती स्वतःची म्हणून दाखवायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली.

मौन मोडणाऱ्यांपैकी अँटन बॉइसन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतल्या या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला १९२० साली मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. बाहेर आल्यावर १९२४ साली ते वुस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून नोकरीला लागले आणि धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणून रुग्णांशी बोलायला शिकवू लागले. हा माणूसही एक ग्रंथच आहे, तो वाचायला शिका, असं त्यांचं सांगणं होतं. आज अमेरिकेतल्या रुग्णालयांत धर्मगुरूंना जे प्रशिक्षण दिलं जातं, त्याचा पाया असा एका रुग्णाने घातलेला आहे. त्यानंतरचं महत्त्वाचं नाव स्टुअर्ट सदरलँड यांचं. ससेक्स विद्यापीठातल्या या प्रायोगिक मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ साली ‘ब्रेकडाउन’ लिहून स्वतःच्या आजाराचा आणि त्यावर झालेल्या उपचारांचा निःसंकोच पंचनामा केला.

पण या विषयाला खरी वाचा फोडली ती के रेडफील्ड जेमिसन यांनी, १९९५ साली, ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनातून. जेमिसन तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसोपचार विभागात प्राध्यापक होत्या. पाचच वर्षांपूर्वी फ्रेडरिक गुडविन यांच्याबरोबर त्यांनी बायपोलर आजारावरचा जाडजूड पाठ्यग्रंथ लिहिला होता. जगभरचे मानसोपचाराचे विद्यार्थी तो प्रमाण मानत. या ग्रंथाच्या लेखिकेलाच तो आजार आहे, हे वाचकांना १९९५ साली कळलं.

१९७४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली आणि तीन महिन्यांच्या आत त्या उन्मादाच्या टोकाला पोचल्या. या उन्मादाचं त्यांनी केलेलं वर्णन कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आसपासच्या खोऱ्यात विषारी साप माजत चालले आहेत आणि लोकांना सावध करण्याची कामगिरी आपल्यावर सोपवली गेली आहे, अशा खात्रीने त्यांनी औषधांच्या दुकानातून सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या पेट्याच पेट्या उचलल्या. पेंग्विन प्रकाशनाची वीस पुस्तकं घेतली, कारण पेंग्विनांची एक वसाहत झाली तर किती छान, असं त्यांना वाटलं. वाचताना हसू येतं. मग उन्माद ओसरतो, अर्थतज्ज्ञ भाऊ विमानाने येतो आणि दोघं मिळून बिलांचा ढीग, बँकेच्या नोटिसा आणि कर्जाचे आकडे लावत बसतात. तिथे हसू थांबतं. उन्मादात कल्पनांना भरती येते, असं मानसशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यानंतर येणाऱ्या बिलांबद्दल तिथे अवाक्षर नसतं.

पुस्तकाचा मोठा भाग लिथियमशी झालेल्या भांडणाचा आहे. हे औषध बायपोलर आजारावर परिणामकारक आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवलं आणि अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. त्याची मात्रा फार काटेकोर असते. कमी पडली तर उपयोग नाही, थोडी जास्त झाली तर अंगावर येते. म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. जेमिसन यांना हे सगळं तोंडपाठ होतं, आपल्या रुग्णांना त्या हेच समजावत होत्या आणि स्वतः मात्र गोळ्या पुन्हा पुन्हा सोडून देत होत्या. उन्मादातला वेग आणि झगमगाट त्यांना सोडवत नव्हता. शिवाय औषधामुळे वाचन अवघड झालं होतं. गोळ्या अशा सोडण्यातून आलेल्या नैराश्यात त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. ‘पेशंट गोळ्या का घेत नाहीत’ हा प्रश्न आपले डॉक्टर दर ओपीडीत वैतागून विचारतात. त्याचं इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि ते देणारी व्यक्ती टेबलाच्या पलीकडची आहे.

आता या उघडपणाची किंमत. आजाराबद्दल सांगितल्यावर एका सहकाऱ्याने आपल्याला आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल ‘अपेक्षाभंग झाला’ असं सुनावल्याची नोंद जेमिसन करतात. एका डॉक्टरने त्यांना मूल होऊ देऊ नका, असा सल्ला दिला होता. पुस्तक आल्यावर त्यांनी रुग्ण पाहणं थांबवलं. रुग्णाने आपली दुखणी घेऊन यावं, डॉक्टरच्या दुखण्यांची काळजी घेऊन नव्हे, असा त्यामागचा विचार होता. पुस्तकाने लाखो लोकांना धीर दिला आणि लिहिणारीकडून तिचं एक आवडीचं काम काढून घेतलं. अशा आत्मकथनांचं कौतुक करताना हा दुसरा हिशेब सहसा मांडला जात नाही.

मार्शा लाइनहान यांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात सतरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. ती स्वतःला सतत इजा करून घेत असे. तिच्यावर स्किझोफ्रेनियाचं निदान चिकटवलं गेलं, भारी औषधं झाली, विजेचे धक्के झाले आणि तिला दीर्घकाळ एकांताच्या खोलीत ठेवलं गेलं. सव्वीस महिन्यांनी ती बाहेर आली ती काही बरी होऊन नव्हे. पुढे ती मानसशास्त्र शिकली, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि जिथे बाकीचे हात टेकत, अशा रुग्णांसाठी तिने उपचारपद्धती घडवली. सतत आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्या या रुग्ण. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी हे त्या पद्धतीचं नाव. रुग्ण आज जशी आहे तशी तिला पूर्ण स्वीकारायचं आणि त्याच वेळी बदलायलाही लावायचं, ही त्यातली कसरत. १९९१ साली या पद्धतीची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, १९९३ साली पाठ्यपुस्तक आलं. आज ती जगभर शिकवली जाते.

सिएटलमध्ये एकदा एका रुग्ण स्त्रीने लाइनहान यांच्या हातावरच्या जुन्या व्रणांकडे पाहून, तुम्ही आमच्यातल्याच ना, असं विचारलं. तशा असलात तर आम्हा सगळ्यांना केवढी आशा वाटेल, हे त्या प्रश्नामागचं म्हणणं होतं. जून २०११मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लाइनहान यांनी त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात जाऊन नातेवाईक, मित्र आणि डॉक्टरांसमोर आपली कहाणी पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. ज्या खोलीत त्यांना कोंडलं होतं तीही त्यांनी पाहिली. तिचं रूप बदलून तिथे ऑफिस झालं होतं. २०२० साली त्यांचं आत्मचरित्र आलं.

जवळजवळ पन्नास वर्षं त्या गप्प राहिल्या याबद्दल कुणी त्यांना भित्रं म्हणेल. भीती होती, हे त्यांच्या बोलण्यातही आलं आहे. मला मात्र या मौनात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांची पद्धत रुजली ती चाचण्यांच्या निष्कर्षांवर. ‘मी यातून गेले आहे, म्हणून माझं खरं माना’ असं त्यांना कधी म्हणावं लागलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच. पण ज्याला कळतं त्याला आग विझवता येतेच, असं नाही. अनुभवातून त्यांना प्रश्न मिळाला, उत्तर त्यांनी अभ्यासातून काढलं. या पुस्तकातली सगळी आत्मकथनं वाचताना हा फरक वाचकाने मनाशी धरून ठेवावा. स्वतःच्या एका अनुभवावरून साऱ्या जगाला औषध सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत.

लाइनहान यांच्या पद्धतीत आणखी एक कलम आहे, आणि त्यात त्यांचं सगळं शहाणपण उतरलं आहे असं मला वाटतं. उपचार करणाऱ्यांनी दर आठवड्याला आपल्या गटात बसायचं, आपली चिडचिड, थकवा, हतबलता तिथे बोलायची आणि सहकाऱ्यांनी त्यांना आधार द्यायचा. ही बैठक ऐच्छिक नाही, उपचाराचाच भाग आहे. उपचार करणारा माणूसही मोडू शकतो, हे इथे पद्धतीच्या रचनेतच मान्य केलेलं आहे. त्यासाठी कुणाला धैर्य गोळा करून व्यासपीठावर चढावं लागत नाही.

फ्रेडरिक फ्रीज यांच्याशी ओळख झाली की वाचकाला जरा मोकळं वाटेल. अमेरिकन मरीन दलातल्या या तरुण अधिकाऱ्याला १९६०च्या दशकात स्किझोफ्रेनिया झाला आणि पुढची दहा वर्षं रुग्णालयांच्या फेऱ्यांत गेली. त्यातूनच त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ओहायोमधल्या एका सरकारी मनोरुग्णालयात ते मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भाषणात ते समोरच्या श्रोत्यांना ‘नॉर्मलपणाचा जुनाट विकार जडलेले लोक’ म्हणत आणि सभागृह हसून लोटपोट होई. त्यांच्या खिशात एक छापील कार्ड असे. कुणी आवाज चढवून, पाणउतारा करत बोलू लागलं की ते शांतपणे कार्ड पुढे करत. मला स्किझोफ्रेनिया आहे, अशा बोलण्याने माझी तब्येत बिघडते, तेव्हा तुमचं म्हणणं जरा वेगळ्या शब्दांत सांगाल का, असा त्यातला मजकूर होता. आजार लपवायचा नाही, त्याचं भांडवलही करायचं नाही, आपल्याला काय हवं ते नेमकं सांगायचं. व्हीलचेअरवरचा माणूस रॅम्प मागतो, तसंच हे.

जे सांगू शकले त्यांची ही गोष्ट झाली. न सांगू शकलेल्यांची पुस्तकं होत नाहीत, चौकशी अहवाल होतात. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या तरुण मानसोपचारतज्ज्ञ डॉ. दक्षा एम्सन यांना वैद्यकीय शिक्षण घेत असल्यापासून बायपोलर आजार होता. गरोदरपणासाठी त्यांनी औषधं थांबवली होती. बाळंतपणानंतर आजार उसळला आणि ऑक्टोबर २०००मध्ये त्या आणि त्यांची तीन महिन्यांची मुलगी, दोघींचा अंत झाला. २००३ साली आलेल्या चौकशी अहवालात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. आपला आजार उघड झाला तर करिअर संपेल या धास्तीत त्या जगत होत्या. आणि त्या स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांच्यावरचे उपचार बरेचसे ओळखीपाळखीत, नेहमीच्या व्यवस्थेबाहेर झाले. परिणामी त्यांच्या साध्या रुग्णांना मिळाली असती तेवढी देखरेखही त्यांना मिळाली नाही. डॉक्टरांसाठी गोपनीय उपचारांची स्वतंत्र सोय हवी, हे या प्रकरणाने ब्रिटनला पटवलं. २००८ साली लंडनमध्ये तशी सेवा सुरू झाली आणि पुढे ती इंग्लंडभरच्या डॉक्टरांसाठी खुली झाली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांचा एप्रिल २०२०मध्ये कोविडच्या ऐन लाटेत आत्महत्येने मृत्यू झाला. उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. मार्च २०२२मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला आणि आरोग्यसेवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी सरकारी निधी उपलब्ध झाला. परवान्याच्या अर्जात ‘तुम्ही कधी मनोविकाराचे उपचार घेतले आहेत का’ असं विचारण्याऐवजी ‘सध्या तुमच्या कामात अडथळा आणणारा काही आजार आहे का’ एवढंच विचारावं, हा आग्रहही तिथे वाढत गेला. पहिल्या प्रश्नाने माणूस उपचारांपासून पळतो. दुसऱ्या प्रश्नात उपचार घेऊन काम करत राहायला जागा आहे.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं?

आधी उपचाराच्या खोलीतली गोष्ट. पाश्चात्त्य पुस्तकांतला तो अबोल आरसा आपल्या ओपीडीत चालत नाही, हे इथे काम करणारा कुणीही सांगेल. ‘डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?’, ‘मॅडम, मुलं किती तुम्हाला?’ हे विचारल्याशिवाय आपला पेशंट मोकळा होत नाही, आणि उत्तर टाळलं तर त्याला तो अपमान वाटतो. आपले तज्ज्ञ गाव सांगतात, मुलांची शाळा सांगतात, गुडघेदुखीही सांगतात. थांबतात ते मनाच्या दुखण्यापाशी. ते सांगावं की नाही, याला सरसकट नियम नाही, पण काही कसोट्या आहेत. सांगण्याची गरज कुणाची, पेशंटची की माझी? ती गोष्ट माझ्या मागे पडली आहे की अजून ओली आहे? ती ऐकून पेशंटला आधार वाटेल की तोच मला धीर देत बसेल? ‘अशा दिवसांतून मीही गेलो आहे, त्यातून बाहेर पडता येतं’ हे एक वाक्य पुष्कळदा पुरतं. पुढचा वेळ पेशंटचा. त्याने रजा टाकून, एसटीने येऊन, दिवसाची मजुरी बुडवून तो मिळवलेला असतो.

खोलीबाहेरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्यासाठी परदेशात बघायची गरज नाही, पुणं पुरेसं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसं कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून काम करत आली आहेत. नव्याने दाखल झालेल्या पेशंटला डॉक्टरपेक्षा त्यांचं म्हणणं लवकर पटतं. जगभरच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चं तत्त्वही हेच. १९३५ साली ती चळवळ सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक तर स्वतः शल्यचिकित्सक होते. म्हणजे दारूच्या बाबतीत आपल्या समाजाने मान्य केलं आहे की भोगलेला माणूस दुसऱ्याला हात देऊ शकतो. तिथे तो अनुभव म्हणजे पात्रता. नैराश्य किंवा बायपोलरचा अनुभव मात्र अपात्रता ठरतो. दोन्हीकडे आजारच आहे. दोन्हीकडे सावरण्यासाठी लागणारी चिकाटीही सारखीच आहे. पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ साली आपल्या आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ उभा केला. आईच्या वाट्याला आलेले मनोरुग्णालयांचे अनुभव लहानपणी पाहिलेल्या या अभ्यासिकेने ‘आम्ही सोसलेलं आहे, म्हणून आमचंही ऐका’ ही मागणी आयुष्यभर लावून धरली. २०२४ साली त्या गेल्या. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत नसलेल्यांनीही ही मागणी डोळ्यांआड करू नये.

कायद्याने आपण बराच पल्ला गाठला आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८मध्ये लागू झाला. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक आणि उपचारांची गोपनीयता हे त्याने हक्क म्हणून दिले आहेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानून तिला शिक्षा न करता मदत द्यावी, असं तो सांगतो. हे हक्क पेशंटचे आहेत आणि डॉक्टर आजारी पडला की तोही पेशंटच. प्रत्यक्षात काय घडतं? तालुक्याच्या गावातला एकुलता एक मानसोपचारतज्ज्ञ आजारी पडला तर जाणार कुणाकडे? गावातला औषधवाला त्याची चिठ्ठी ओळखतो. जिल्ह्याचे सगळे तज्ज्ञ एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. मग तो सॅम्पलच्या गोळ्या स्वतःच सुरू करतो, किंवा एखाद्या परिषदेत चहाच्या वेळी मित्राला बाजूला घेऊन ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणत सल्ला विचारतो. ना नोंद, ना फॉलोअप. दक्षा एम्सन यांच्या बाबतीत लंडनमध्ये झालं त्याची ही आपल्याकडची आवृत्ती आहे. निवासी डॉक्टरांची अवस्था तर याहून बिकट. छत्तीस तासांची ड्युटी करणाऱ्या पोराने ‘मला झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही’ असं सांगितलं तर त्याची टर्म भरेल का, परीक्षेला बसू देतील का, हे प्रश्न त्याच्या मनात आधी येतात. आणि घरी लग्नाचं बघत असतील तर मग विचारायलाच नको.

म्हणून या पुस्तकातल्या आत्मकथनांचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जेमिसन बोलल्या त्या नामांकित प्राध्यापक झाल्यावर, लाइनहान अडुसष्टाव्या वर्षी. पायाखालची जमीन घट्ट झाल्यावरच दोघी बोलल्या आणि त्यात काही गैर नाही. मात्र त्यांचा दाखला देऊन पंचविशीतल्या विद्यार्थिनीला ‘तूही बोल, धीट हो’ म्हणणं हा अन्याय होईल. ज्यांची जागा पक्की आहे, त्यांनी आधी बोलावं: विभागप्रमुखांनी, संघटनांच्या अध्यक्षांनी, पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी. ज्यांना बोलायचं नाही, त्यांना कुणी विचारू नये. बोलणं ऐच्छिक असावं, उपचार मात्र ऐच्छिक नसावेत. प्रत्येक आजारी डॉक्टरचा, समुपदेशकाचा, परिचारिकेचा रीतसर केसपेपर निघाला पाहिजे. तो ओळखीच्या नसलेल्या तज्ज्ञाकडे असावा आणि त्याची गुप्तता इतर कुठल्याही पेशंटइतकीच पाळली जावी. वैद्यक परिषदा, महाविद्यालयं आणि तज्ज्ञांच्या संघटना यांनी एवढी सोय केली, तरी या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक शोकांतिकांचं कारण आपल्याकडे उरणार नाही.

वाचकांना दोन सूचना. आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रसंग या पुस्तकात येतात, पण ते कसे झाले याचे तपशील जाणूनबुजून गाळले आहेत. त्यांच्या शोधात मूळ पुस्तकांकडे वळू नये. आणि वाचताना स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या लक्षणांशी मेळ बसतो आहे असं वाटलं, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी बोलावं. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुम्ही डॉक्टर असाल, तर तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.